टाइलखालचे काम

बाथरूम नवे करायचे ठरले की घरातली पहिली चर्चा टाइलच्या रंगाची होते. रविवारी सगळे कुटुंब दुकानात जाते, चार बाय दोनच्या मोठ्या टाइल, भिंतीत दडवलेला शॉवर, जमिनीला न टेकणारा कमोड पसंत होतो. निघता निघता दुकानदाराला विचारले जाते, "लावायला कुणी चांगला माणूस आहे का हो?" तो एक फोन नंबर देतो आणि दोन दिवसांत हातोडा पडतो. हा क्रम उलटा आहे. न आवडलेली टाइल फार तर डोळ्यांना खुपते. तिच्याखालचे काम बिघडले तर खालच्या घराच्या छताचा गिलावा पडतो, स्लॅबमधली सळई गंजते, दोन कुटुंबांचे बोलणे बंद होते आणि सगळे पुन्हा फोडावे लागते. म्हणून माणसे आधी ठरवावीत आणि टाइल त्यानंतर. ती माणसे कशी निवडायची, कागदावर काय लिहून घ्यायचे आणि पैसे कधी द्यायचे, हा या लेखाचा विषय आहे. समोर ठेवले आहेत मुंबई, ठाणे, पुणे अशा शहरांतल्या सोसायट्यांचे फ्लॅट, त्यातही १९८० आणि १९९० च्या दशकांत बांधलेले. आज सर्वाधिक फोडाफोड तिथेच चालली आहे.

कुणाला बोलवायचे हे कळण्यासाठी जमिनीखाली काय आहे ते आधी पाहू. बहुतेक इमारतींत संडास-बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा फूटभर खाली टाकलेला असतो. त्याला सगळे 'संकन' म्हणतात. त्या खड्ड्यातून नहाणी ट्रॅपचा आणि कमोडचा पाइप भिंत भेदून डक्टमध्ये जातो. उरलेली पोकळी विटांचे तुकडे आणि सिमेंट-वाळूने भरतात, वर कोबा करतात आणि त्यावर टाइल बसते. टाइलच्या सांध्यांतून झिरपलेले पाणी आधी या भरावात साठते. वरची फरशी कोरडी दिसत असताना खालचा भराव महिनोन्महिने ओला राहू शकतो. मग पाणी वाट शोधते. पाइप जिथून स्लॅब किंवा भिंतीपार जातो त्या भोकाच्या कडेने, भिंत आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्यातून, नाहीतर उंबऱ्याखालून शेजारच्या खोलीच्या भिंतीत ते शिरते. छतावर डाग दिसतो ती जागा आणि पाणी शिरण्याची जागा क्वचितच एक असते. डागाच्या बरोबर वरची चार टाइल काढून पांढरे सिमेंट भरणारा मिस्त्री म्हणूनच पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बोलवावा लागतो.

या भरावाचे वजनही लक्षात घ्यायला हवे. पाच बाय सात फुटांचे बाथरूम आणि फूटभर खोल संकन धरले तर भराव जवळजवळ एक घनमीटर होतो आणि विटा-सिमेंटचा असा भराव दीड ते दोन टनांचा भरतो. पाणी प्यायला की त्याहून जड. सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या एएसी ब्लॉकचे तुकडे वापरले तर हे ओझे निम्म्यावर येते. जुन्या स्लॅबसाठी ही मोठी सुटका आहे. मात्र हे ब्लॉक पाणी शोषतात, त्यामुळे त्यांच्या खाली आणि वर अशा दोन्ही ठिकाणी वॉटरप्रूफिंग हवेच. जो ठेकेदार भरावाविषयी स्वतःहून बोलतो, त्याने हे काम समजून केलेले आहे असे मी मानतो.

काही जुन्या इमारतींत संकन नसतेच. तुमचा ट्रॅप आणि कमोडचा वाक खालच्या घराच्या बाथरूममध्ये छताला लटकलेला असतो. अशा वेळी तुमचे अर्धे काम दुसऱ्याच्या घरात शिरून करावे लागते. त्या कुटुंबाला महिनाभर आधी सांगणे, त्यांच्या सोयीची वेळ घेणे आणि त्यांच्या घरातली मोडतोड स्वखर्चाने नीट करून देणे ही तुमची जबाबदारी. ठेकेदाराने अंदाजपत्रकात हा खर्च धरलाच नसेल, तर त्याने जागा नीट पाहिलेली नाही.

आता माणसांकडे येऊ. एका बाथरूमच्या कामात कमीत कमी पाच हातांची गरज लागते: फोडकाम करणारे बिगारी, प्लंबर, वॉटरप्रूफिंगवाला, टाइल बसवणारा कारागीर आणि वायरमन. जुन्या घरात यांच्या आधी एक सहावा माणूस हवा, स्ट्रक्चरल इंजिनिअर. या प्रत्येकाची विद्या वेगळी आहे, आणि ती बहुधा गावाकडून, नात्यातून, उस्तादाच्या हाताखाली आलेली असते. देशभरातल्या शहरांत प्लंबिंग करणाऱ्यांत ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातली माणसे फार मोठ्या संख्येने आढळतात. स्वातंत्र्यापूर्वी कोलकात्याच्या कंपन्यांमध्ये तिथले तरुण हे काम शिकले, मग भाऊ, पुतणे, गाववाले त्यांच्या मागोमाग गेले. त्या जिल्ह्यातल्या पट्टामुंडाईला आज प्लंबिंगचे शिक्षण देणारी सरकारी संस्थाही आहे. आपल्या घरी पाना घेऊन येणाऱ्या माणसामागे अशी दोन-तीन पिढ्यांची शिकवण असू शकते. त्याच्याशी बोलताना हे ध्यानात ठेवावे. त्याला 'ए' म्हणून हाक मारणारा मालक त्याचा सल्ला कधीच ऐकू शकत नाही.

काम देण्याचे साधारण तीन मार्ग आहेत. इंटिरिअर डिझायनरला सगळे सोपवणे, एका ठेकेदाराला उक्ते देणे, किंवा प्रत्येक कारागीर स्वतः शोधून रोजावर अथवा नगावर काम करून घेणे. तिसरा मार्ग स्वस्त वाटतो, पण त्यात समन्वयाचे ओझे तुमच्यावर येते आणि बिघाड झाल्यावर दाद मागायला कुणी उरत नाही. बाथरूममधल्या चुका बहुतेक वेळा एका कारागिराचे काम संपून दुसऱ्याचे सुरू होते त्या सांध्यावर होतात. प्लंबरने ट्रॅप बसवला, वॉटरप्रूफिंगवाल्याने कोट मारला, मग टाइलवाल्याने उतार जमवण्यासाठी ट्रॅपचा गळा अर्धा इंच हलवला, आणि कोट तिथेच फाटला. गळती लागल्यावर तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि तिघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य असते.

म्हणून माझे ठाम मत असे, की निदान प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग आणि फरशी ही तीन कामे एकाच्या जबाबदारीवर द्यावीत. त्याचे कारागीर वेगवेगळे असले तरी चालतील, उत्तर देणारा एक हवा. डिझायनर नेमलात तर त्याला पहिल्याच भेटीत विचारा की गळतीची हमी त्याची की त्याच्या ठेकेदाराची. अनेक डिझायनर आराखडा आणि निवड यांचेच पैसे घेतात आणि अंमलबजावणीची जबाबदारी घेत नाहीत. त्यात गैर काही नाही, पण ते आधी माहीत असावे.

ठेकेदाराचे काम पाहायला जाताना बहुतेक जण मागच्या महिन्यात पूर्ण झालेले चकचकीत बाथरूम पाहून खूश होतात. त्यावरून टाइलच्या रेषा सरळ आहेत की नाही एवढेच कळते. त्याला दोन-तीन पावसाळ्यांपूर्वीचे काम दाखवायला सांगा, आणि जमल्यास त्या घराच्या खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा. खालच्या घरातली बाई किंवा आजोबा दोन वाक्यांत जे सांगतील, ते कुठल्याही जाहिरातीतून कळणार नाही. गुळगुळीत टाइलवर नाणे वाजवून पाहा. पोकळ आवाज आला तर खाली सिमेंट सलग लागलेले नाही.

प्रश्न विचारतानाही 'किती वर्षे काम करता' याने फारसे काही हाती लागत नाही. 'पाइप स्लॅबमधून जातो तिथे काय करता' असे विचारा. जाणकार माणूस लगेच सांगू लागतो: भोकाभोवतीचा सैल माल काढतो, नॉन-श्रिंक ग्राउट भरतो, जमीन आणि भिंतीच्या कोपऱ्याला वाटा मारतो, म्हणजे गोलाई देतो, मग कोट मारतो, कारण काटकोनात कोट आधी तडकतो. कोट जमिनीवर थांबवणार की भिंतीवर चढवणार, हेही विचारा. बाकीच्या भिंतींवर फूटभर आणि शॉवरच्या भिंतीवर डोक्याच्या उंचीपर्यंत कोट चढायला हवा. 'साहेब, काळजी करू नका, गॅरंटी आहे' एवढेच उत्तर आले तर दुसरा माणूस शोधा.

प्लंबरची परीक्षा दाबाच्या प्रश्नावर होते. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार असतो. तुम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहत असाल आणि गच्चीवरची टाकी शॉवरच्या तीन-चार मीटरच वर असेल, तर तुमच्या नळाला मिळणारा दाब ०.३ ते ०.४ बार. मोठ्या तबकाचा रेन शॉवर एवढ्या दाबावर नुसता ठिबकतो. घर कितव्या मजल्यावर आहे, टाकी कुठे आहे, खाली येणारा पाइप किती जाडीचा आहे हे न विचारता तुमच्या पसंतीच्या शॉवरला मान डोलावणारा प्लंबर नको. दुसरा प्रश्न पाइपचा. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे लोखंडी जीआय पाइप आतून गंजून अर्धे बुजलेले असतात. नवे नळ लावून जुने पाइप भिंतीत ठेवणे म्हणजे फोडकामाचा खर्च दोनदा करणे. गरम-थंड पाण्यासाठी आता सीपीव्हीसी पाइप सर्रास वापरतात. त्यावर आयएस १५७७८ हे भारतीय मानक छापलेले असते. सांडपाण्याच्या यूपीव्हीसी पाइपसाठी आयएस १३५९२ आहे. हे आकडे अंदाजपत्रकात लिहून घेतले की 'लोकल' पाइप घुसवण्याची वाट बंद होते.

टाइलवाल्याच्या बाबतीत काळ बदलला आहे आणि अनेक चांगले जुने कारागीरही त्याबरोबर बदललेले नाहीत. गुजरातच्या मोरबीहून येणारी आजची व्हिट्रिफाइड टाइल जवळजवळ पाणी पीतच नाही. तिचे जलशोषण अर्ध्या टक्क्याच्या आत असते. साधे सिमेंट टाइलच्या छिद्रांत शिरून पकड घेते, आणि इथे छिद्रेच नाहीत. शिवाय टाइलच्या पाठीवर पाच ठिकाणी सिमेंटचे गोळे ठेवून ती भिंतीला दाबायची सवय असते. गोळ्यांच्या मध्ये पोकळी राहते, तिथे पाणी साठते आणि एक दिवस भिंतीवरची टाइल सुटते. मोठ्या व्हिट्रिफाइड टाइलसाठी टाइल ॲडहेसिव्ह हवे, दातेरी थापीने सलग पसरलेले, आणि दोन टाइलमध्ये स्पेसर घालून दोन-तीन मिलिमीटरची फट. ती फट एपॉक्सी ग्राउटने भरली तर डाग कमी आणि झिरपणे कमी. 'जॉइंटलेस लावतो साहेब, फट दिसणारच नाही' असे अभिमानाने सांगणाऱ्याला ओल्या जागेत काम देऊ नये.

उताराची गोष्ट साधी आहे. शंभराला एक, म्हणजे दीड मीटर लांबीत दीड सेंटिमीटर. यापेक्षा कमी दिला तर पाणी साचते आणि फार दिला तर म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरतो. टाइल पक्क्या होण्याआधी बादलीभर पाणी ओतून पाहावे. पाणी कुठे थबकले तर त्याच दिवशी टाइल उचलता येते.

वायरमनकडे बाथरूमच्या कामात सर्वांत कमी लक्ष जाते आणि जिवाचा धोका सर्वांत जास्त तिथेच आहे. तीन किलोवॉटचा गिझर सुमारे १३ अँपिअर विद्युतप्रवाह ओढतो. त्याला १६ अँपिअरचा पॉइंट, बोर्डापासून स्वतंत्र जाड वायर, चोख अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. ओल्या अंगाच्या माणसाला धक्का बसताच ही आरसीसीबी क्षणार्धात वीज तोडते. जुन्या घरांत ती बऱ्याचदा नसतेच. वायरिंगचे काम राज्य सरकारच्या परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या आणि परवाना पाहायला मागा. टाइलवाल्याचा हेल्पर 'मीच जोडून देतो' म्हणाला तर नको म्हणा. गॅस गिझर असेल तर तो बाथरूमच्या आत अजिबात नको. बंद जागेत त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि आंघोळीला गेलेली माणसे त्याने दगावली आहेत.

स्ट्रक्चरल इंजिनिअर कधी लागतो? भिंत हलवायची असेल, कमोडची जागा बदलायची असेल, स्लॅबची सळई उघडी दिसत असेल किंवा इमारत भार पेलणाऱ्या भिंतींची असेल तेव्हा. त्याची एका भेटीची फी एकूण खर्चात फार नसते. कॉलम किंवा बीममधून पाइप नेण्यासाठी खाच पाडू द्यायची नाही, हा नियम कुणाच्याही सांगण्यावरून मोडू नका. स्लॅबजवळचे फोडकाम ब्रेकर मशिनने न करता छन्नी-हातोडीने करून घ्या. मशिनचे काम एका दिवसात होते, पण जुन्या स्लॅबला त्याचे हादरे सोसत नाहीत. हे 'ब्रेकर वापरणार नाही' असे वाक्य अंदाजपत्रकात यायला हवे, नाहीतर बिगारी सकाळी मशीन घेऊनच दारात उभा राहतो.

कायद्याची बाजूही बघून घ्यावी. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४२ नुसार राहत्या घराच्या किरकोळ दुरुस्तीसाठी पालिकेची परवानगी लागत नाही. लाद्या बदलणे, संडास-बाथरूमची दुरुस्ती, नळ आणि सांडपाण्याचे पाइप बदलणे या गोष्टी त्यात बसतात. जमिनीची पातळी खाली घेणे किंवा इमारतीचा भार पेलणारा भाग काढणे मात्र त्यात बसत नाही. पालिकेची परवानगी नसली तरी सोसायटीला अर्ज द्यावाच लागतो. कामाचे स्वरूप, दिवस, ठेकेदाराचे नाव आणि कामगारांची ओळखपत्रे त्यात द्यावी लागतात. बऱ्याच सोसायट्या अनामत रक्कमही घेतात. खालच्या कुणाच्या स्वयंपाकघरावर किंवा झोपण्याच्या खोलीवर तुमचे बाथरूम येईल असा बदल मागू नका, कारण अशी मागणी सहसा मान्य होत नाही आणि होऊही नये.

गळतीचा खर्च कुणाचा, यावर गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत भूमिका स्पष्ट आहे. पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, घराच्या आतली ज्याची त्याने. म्हणून काम सुरू होण्याआधी डक्टमधला उभा सामायिक पाइप सोसायटीच्या माणसाला सोबत घेऊन पाहा. तो फुटका असेल तर त्याच वेळी सोसायटीकडून बदलून घेता येतो. नाहीतर तुमच्या नव्या जोडाचे दुसरे टोक सडक्या पाइपात जाते.

फ्लॅट नवा असेल तर फोडण्याआधी आणखी एक गोष्ट करा. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो. गळके बाथरूम आधी बिल्डरला लेखी कळवा. आपला मिस्त्री आणून फोडलेत की दोष मुळात कुणाचा हे सिद्ध करणे अवघड होते.

आता कागद. 'बाथरूम रिनोव्हेशन, वॉटरप्रूफिंगसह, उक्ते' अशी एका ओळीची रक्कम लिहून देणाऱ्याशी व्यवहार करू नका, रक्कम कितीही कमी असो. आपण स्वतः एक कामाची यादी तयार करावी आणि तीच तीन ठेकेदारांना द्यावी. तरच तिघांचे आकडे एकमेकांशी ताडता येतात. त्या यादीत पाइपचे मानक, वॉटरप्रूफिंगच्या मालाचे नाव, किती कोट आणि किती उंचीपर्यंत, पाणी किती तास साठवून दाखवणार, भराव कशाचा, टाइल सिमेंटवर की ॲडहेसिव्हवर, प्लंबिंगचे पॉइंट किती, राडारोडा कोण आणि कुठे नेणार, लिफ्ट आणि जिना यांचे संरक्षण, खालच्या घरी नुकसान झाल्यास भरपाई कुणाची, हे सगळे यायला हवे. जास्तीचे काम निघाले तर त्याचा दर आधी लेखी ठरवायचा आणि मगच काम करायचे, हेही लिहा. भांडणे बहुतेक या 'एक्स्ट्रा'वरून होतात. जीएसटी धरून दर आहे की वेगळा, तेही विचारा. वर्षाला २० लाखांच्या आत सेवा देणाऱ्या लहान ठेकेदाराला नोंदणी सक्तीची नसते, पण नोंदणी असलेल्याने १८ टक्के वेगळे लावले तर तुमचा हिशेब कोलमडतो.

माल कुणी आणायचा? टाइल, कमोड, नळ, गिझर तुम्ही आणा. सिमेंट, वाळू, पाइप, वॉटरप्रूफिंगचा माल ठेकेदाराने ठरलेल्या नावाचा आणावा, म्हणजे हमी देताना 'माल तुमचा होता' असे म्हणायला जागा राहत नाही. टाइल दहा टक्के जास्त घ्या आणि सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना ते पाहा, कारण पुढच्या खेपेला तीच छटा मिळण्याची खात्री नसते. कमोड आणि डायव्हर्टर मात्र प्लंबिंग सुरू होण्याआधी घरात आलेले असले पाहिजेत. एस ट्रॅपच्या कमोडचे भिंतीपासूनचे अंतर वेगवेगळ्या मॉडेलमध्ये नऊ इंच, बारा इंच असे बदलते. भिंतीतला डायव्हर्टर किती खोल बसवायचा हेही त्याच्या मॉडेलवर ठरते. पाइप पक्के झाल्यावर कमोड निवडायला निघालेल्या कुटुंबाला मग हवा तो कमोड घेता येत नाही.

घरात वयस्कर माणूस असेल, किंवा पुढे होणारच आहे म्हणून, आधाराच्या दांड्यांची जागा आत्ताच ठरवा, म्हणजे तिथली भिंत भक्कम ठेवता येते. आणि दरवाजा बाहेर उघडणारा करा. आत पडलेल्या माणसाच्या अंगाला अडून दरवाजा उघडत नाही, ही वेळ कुणावर येऊ नये.

काम चालू झाल्यावर मालकाने दोन चाचण्यांना स्वतः हजर राहायलाच हवे, आणि त्या संपेपर्यंत एकही टाइल लागू देऊ नये. पहिली दाबाची. नवे पाइप खाचेत बसले, तोंडे बुचांनी बंद केली की हातपंपाने दाब देऊन काही तास ठेवायचे आणि काटा खाली येतो का ते बघायचे. खाचा बुजवण्याआधी भिंतीला टेप लावून सगळ्या पाइप-वायरींचे फोटो काढा. पुढे कधी आरशासाठी भोक पाडताना हेच फोटो पाइप वाचवतात. दुसरी चाचणी पाणी साठवण्याची. कोट सुकला की ट्रॅपचे तोंड बंद करून, उंबऱ्याला आड घालून, तीन-चार इंच पाणी भरायचे, पातळीची खूण करायची आणि निदान ४८ तास ठेवायचे. संकन असेल तर ही चाचणी दोनदा करायची, एकदा भरावाआधी आणि एकदा भरावानंतर. दोन्ही वेळा खालच्या घरी जाऊन छताला हात लावून बघा. ठेकेदार म्हणेल, दोन दिवस फुकट जातात. ते दिवस वेळापत्रकात आधीच धरलेले असले की हा वाद होत नाही. फोडकाम, सिमेंटची मुदत, कोट सुकणे आणि दोन चाचण्या धरल्या तर एका बाथरूमला तीन आठवडे लागतात. दहा दिवसांत करून देतो म्हणणारा यातले काहीतरी गाळणार असतो.

मुहूर्ताचेही बघा. दिवाळीच्या तोंडावर काम काढू नये, तेव्हा सगळ्यांना सगळे हवे असते आणि कारागीर गावाच्या गाडीकडे डोळे लावून असतात. एप्रिल-मे मध्येही बरेच जण गावी जातात. घरात दुसरे बाथरूम नसेल तर त्या तीन आठवड्यांची सोय शेजाऱ्यांकडे, नातेवाइकांकडे आधीच लावून ठेवा. गैरसोयीला कंटाळून मालकच घाई करू लागतो आणि चाचण्या तिथेच टळतात.

पैशांचे हप्ते दिवसांवर न बांधता टप्प्यांवर बांधावेत. सुरुवातीला दहा-पंधरा टक्के उचल, दाबाची चाचणी पार पडल्यावर एक हप्ता, पाणी साठवण्याची दुसरी चाचणी पार पडल्यावर सर्वांत मोठा, टाइल झाल्यावर एक, आणि शेवटचे दहा टक्के बाथरूम महिनाभर वापरल्यावर. अर्धी रक्कम आगाऊ मागणाऱ्याकडे बहुधा आधीच्या कामाची देणी थकलेली असतात. पैसे बँकेतून द्या, पावती घ्या, वॉटरप्रूफिंगची हमी ठेकेदाराच्या सहीने कागदावर घ्या आणि त्यात गळती लागल्यास फोडणे, दुरुस्ती आणि पुन्हा टाइल लावणे हे तिन्ही धरले आहे का ते वाचा. एवढे करूनही फसवणूक झाली तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुमच्या बाजूने आहे. सदोष सेवेची तक्रार २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते आणि व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर त्यासाठी शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे दाखवायला हाच कागद, याच पावत्या आणि हेच फोटो लागतात.

आणि ज्याचे काम चोख झाले त्याचे उरलेले पैसे ठरल्या दिवशी द्या, फोनची वाट पाहू नका. अंदाजपत्रक आणि पाइपांचे फोटो फाइलमध्ये ठेवा. सोसायटीत पुढचे बाथरूम कुणी काढले, तर टाइलच्या दुकानाच्या पत्त्याआधी त्यांना या माणसाचा नंबर द्या, आणि त्यांना पाहायचे असेल तर आपले दार उघडा.